पिवळा रंग गेला, पण क्रोमियम कुठे गेलं?

दिवाळीची सुट्टी संपवून कॉलेजला परतताना माझ्याजवळ दोन ओझी होती. एका पिशवीत आईने दिलेला चिवडा आणि अनारसे, आणि पोत्यात आवळून बांधलेल्या पऱ्हाट्या. आमच्या यवतमाळकडे कापसाची शेवटची वेचणी झाली की झाडं उपटतात आणि घरामागे त्यांचा ढीग रचतात. वर्षभर चूल त्यावर पेटते. कृषी खात्याची माणसं दर वर्षी सांगतात की ढीग ठेवू नका, गुलाबी बोंडअळी त्यात दबा धरून राहते. पण गॅस पुरवून पुरवून वापरायचा असतो, त्यामुळे ढीग राहतोच.

बाबांनी त्यातल्या जाड काड्या निवडून कुऱ्हाडीने वीतभर तुकडे केले.

"कायले पाहिजे व तुले पऱ्हाट्या?"

"कोळसा करायचा आहे बाबा. पाणी साफ करायला."

"कोळशानं पानी साफ होते, हे त आमालेही माहीत हाय," ते म्हणाले. खरंच होतं. एकावर एक माठ ठेवून वाळू-कोळशाची गाळणी करायची, हे त्यांच्या शाळेच्या पुस्तकातही होतं आणि माझ्याही. मला त्या कोळशात जिवाणू वसवायचे होते. एवढं त्यांना उभ्या उभ्या सांगता आलं नाही, आणि एसटीची वेळही झाली होती.

एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाचा माझा प्रोजेक्ट क्रोमियमवर होता. क्रोम प्लेटिंगच्या छोट्या कारखान्यांत नळ, हँडल, गाड्यांचे सुटे भाग चकचकीत करतात. मुलामा दिलेली वस्तू पाण्यात बुडवून धुतात आणि ते धुवण पिवळं होतं. या धातूचं नावच रंगावरून पडलं आहे. १७९७ मध्ये वोकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ते सापडलं. त्याची संयुगं इतक्या रंगांची निघाली, की रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला क्रोम म्हणू लागले. प्रयोगशाळेत आमच्या तोंडी त्याच्या दोनच रूपांची नावं असतात, क्रोमियम सिक्स आणि क्रोमियम थ्री. पिवळं असतं ते सिक्स. ते पाण्यात सहज विरघळतं, दूरवर वाहत जातं आणि कर्करोग घडवतं. सल्फेटसारखा आकार असल्यामुळे पेशी त्याला सल्फेट समजून आत घेते. थ्री त्या मानाने पुष्कळ सौम्य. पाण्याचा सामू (pH) सातच्या आसपास असला तर ते साक्याच्या रूपात खाली बसतं किंवा मातीला, कोळशाला धरून राहतं. काही जिवाणूंना सिक्सचं थ्री करता येतं. त्यांना कोळशावर घर करून द्यायचं, म्हणजे सिक्सचं थ्री झालं की ते तिथेच अडकेल, असा बेत होता.

जिवाणू मिळवण्यासाठी मी अशाच एका कारखान्यामागच्या नालीतला गाळ आणला. जिथे विष असतं तिथे ते सोसणारं कुणीतरी असतं, हा आमच्या विषयातला जुना अनुभव आहे. देशातलं जवळपास सगळं क्रोमाइट, म्हणजे क्रोमियमचं खनिज, ओडिशात निघतं. तिथल्या सुकिंदा खोऱ्यातल्या खाणींच्या मातीतूनही असे जिवाणू शोधले गेले आहेत. पोटॅशियम डायक्रोमेट हे क्रोमियम सिक्सचं संयुग घातलेल्या अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, गाळाचं पातळ केलेलं पाणी पसरलं. लिटरला ५० मिलिग्रॅमपासून सुरुवात केली आणि मात्रा वाढवत नेली. प्रत्येक पायरीला वसाहती कमी होत गेल्या. शेवटी तीन उरल्या. त्यांतली एक कडेने कातरल्यासारखी, मळकट पांढरी होती. तपासणीत ती बॅसिलस वंशातली निघाली. पुढचे सहा महिने तिला मी मुलासारखं जपलं. दर पंधरवड्याला नव्या अगारवर लावायची, फ्रीजमध्ये दोन ठिकाणी ठेवायची.

कोळसा करणं मला सोपं वाटलं होतं. वाळलेल्या काड्यांचे बारीक तुकडे झाकणाच्या क्रुसिबलमध्ये दाबून भरले, वरून फॉइल गुंडाळली, मफल फर्नेस ५०० अंशांवर दोन तास ठेवली. हवा मिळाली नाही की लाकूड जळत नाही. त्यातला धूर-वायू निघून जातो आणि कार्बनचा सांगाडा मागे राहतो. दोन तास झाल्यावर मी उत्सुकतेने भट्टी उघडली आणि चिमट्याने झाकण काढलं. काळे तुकडे डोळ्यांदेखत लाल झाले. पंख्याचा वारा लागला आणि सकाळपर्यंत बशीत पांढुरकी राख उरली. आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांनी नुसतं म्हटलं, "रात्रभर बंद राहू द्यायची होती, बाळा." तेव्हापासून भट्टी संध्याकाळी लावायची आणि दुसऱ्या दिवशी हाताला गार लागली की उघडायची, असा नेम केला. शंभर ग्रॅम काड्यांमागे तीसेक ग्रॅम कोळसा मिळायचा. तो बत्त्याने फोडून चाळायचा आणि अर्धा ते एक मिलिमीटरचे कण ठेवायचे.

त्या कोळशात जिवाणू सोडले, रात्रभर शेकरवर हलवले, दुसऱ्या दिवशी अगारवर मोजले, तर जिवंत जवळजवळ कुणीच नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी जिवाणूला दोष देत होते, माध्यमाला दोष देत होते. माझ्या गाइड मॅडमनी विचारलं, "कोळशाचा सामू पाहिलास का?" पाहिला नव्हता. कोळसा भिजवलेल्या पाण्यात पट्टी बुडवली तर ती गडद निळी. चुलीच्या राखेने भांडी का निघतात हे लहानपणापासून माहीत असून मला हे सुचलं नव्हतं. पऱ्हाटीतलं पोटॅश आणि चुना राखेच्या रूपात कोळशावर बसलेला असतो, त्याने पाणी साबणाच्या पाण्यासारखं अल्कधर्मी होतं. मग कोळसा आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतला, नंतर डिस्टिल्ड वॉटरने, सामू सातवर येऊन ठरेपर्यंत. त्याला दोन दिवस लागले. १०५ अंशांवर वाळवून तो ऑटोक्लेव्ह केला, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक केला. यावेळी जिवाणू टिकले.

जिवाणू बसवण्याच्या दोन वाटा आहेत. एक, सोडियम अल्जिनेट या डिंकासारख्या पदार्थाच्या घट्ट द्रावणात पेशी आणि कोळसा मिसळून त्याचे थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडायचे. साबुदाण्यासारखे मणी तयार होतात, दिसायला फार सुंदर. मी ते केले, आणि नेहमीच्या सवयीने फॉस्फेट बफरने धुतले. मणी फुगले, मऊ पडले, चमच्याने उचलायला गेले तर फुटले. फॉस्फेट कॅल्शियमला ओढून घेतं आणि मण्यांना बांधून ठेवणारी गाठ सुटते. दुसरी वाट साधी. कोळसा वाढत्या कल्चरमध्ये टाकून हलवत ठेवायचा आणि जिवाणूंना त्यांच्या चिकट पदार्थाने आपणहून बसू द्यायचं. मी ही धरली. नंतर सलाइनने, म्हणजे मिठाच्या पाण्याने, तीनदा हलक्या हाताने धुवायचं, म्हणजे जे नुसते पाण्यात तरंगत आहेत ते निघून जातात आणि ज्यांनी घर धरलं ते राहतात.

ते कुठे बसले आहेत हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तो दिवस मी विसरणार नाही. बायोचार, म्हणजे असा हवेविना केलेला कोळसा, सच्छिद्र असतं आणि जिवाणू त्या छिद्रांत राहतात, असं मी सिनॉप्सिसमध्ये लिहून दिलं होतं. पडद्यावर वेगळंच दिसलं. कोळशाची बहुसंख्य छिद्रं इतकी बारीक असतात, की दोन मायक्रॉन लांबीचा जिवाणू त्यांत शिरूच शकत नाही. त्यांत मावतात ते फक्त रेणू आणि आयन. जिवाणू होते ते लांबट, गोल तोंडाच्या नळ्यांत, रांगेने, एकमेकांना बिलगून. यंत्र चालवणाऱ्या ताईंनी विचारलं, "हे कशाचं लाकूड?" पऱ्हाटी म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग या पाणी वर चढवणाऱ्या नळ्या." आमच्या वावरातल्या काळ्या मातीतलं पाणी ज्या नळ्यांनी बोंडांपर्यंत चढलं होतं, त्या ५०० अंशांतूनही शाबूत राहिल्या होत्या आणि आता त्यांत माझे जिवाणू राहत होते. त्या चित्राची प्रत मी बाबांना पाठवली. त्यांनी ती गावात किती जणांना दाखवली हे मला नंतर कळलं.

मग मुख्य प्रयोग. पाच फ्लास्क, प्रत्येकात १०० मिलिलिटर पाणी, लिटरला ५० मिलिग्रॅम या मात्रेने क्रोमियम सिक्स, सामू सात, थोडं खाद्य. पहिल्यात बाकी काही नाही. दुसऱ्यात नुसता कोळसा, तिसऱ्यात नुसते जिवाणू, चौथ्यात कोळशावर बसलेले जिवाणू आणि पाचव्यात कोळशावर बसवून मग ऑटोक्लेव्हमध्ये मारलेले. ठरावीक तासांनी थोडं पाणी काढायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, म्हणजे वेगाने गरगर फिरवून त्यातले कण तळाला बसवायचे, आम्ल आणि डायफिनाइल कार्बाझाइड घालायचं. सिक्स असेल तर जांभळट गुलाबी रंग येतो, तो स्पेक्ट्रोवर, म्हणजे रंगाची गडदता मोजणाऱ्या यंत्रावर, ५४० नॅनोमीटरला मोजायचा. सेंट्रिफ्यूज नीट केलं नाही तर कोळशाची भुकटी प्रकाश अडवते आणि रीडिंग खोटं चढतं, हे पहिल्या दोन फेऱ्या वाया घालवून शिकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथा फ्लास्क पाण्यासारखा झाला होता. पहिला पिवळाधमक, दुसरा आणि पाचवा किंचित फिके, तिसरा बराच उतरलेला. दुसरा फ्लास्क एवढासाच का उतरला, याचं उत्तर साधं आहे. सात सामूला कोळशाच्या पृष्ठावर ऋण भार असतो आणि क्रोमेटवरही ऋणच. दोघं एकमेकांना दूर लोटतात. पाणी आम्लधर्मी केलं की कोळसा एकटाही हे काम बऱ्यापैकी करतो, पण मग ते आम्ल निववायचा खर्च येतो. म्हणून नुसत्या कोळशाला जे जमत नव्हतं ते जिवाणूने केलं, असं मी मानलं. चौथ्या फ्लास्कच्या नमुन्यात कार्बाझाइड घातलं, तर गुलाबी रंगाचा मागमूस नाही. मी चौथा फ्लास्क हातात धरून मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

त्यांनी तो खिडकीशी धरून पाहिला. खूश झाल्या, हे चेहऱ्यावर दिसत होतं. मग म्हणाल्या, "पिवळा रंग गेला. पण क्रोमियम कुठे गेलं?"

"थ्री झालं, मॅडम."

"मान्य. पण ते थ्री आहे कुठे? पाण्यात, कोळशात, की पेशींत?"

मला उत्तर देता आलं नाही. कीटकनाशक असो, तेल असो, जिवाणू ते खाऊन टाकतात, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, संपलं. क्रोमियम हे मूलद्रव्य आहे. ते कुणालाच खाऊन संपवता येत नाही, फक्त इथून उचलून तिथे ठेवता येतं. हे मला बारावीपासून माहीत होतं. तरी त्या सकाळपर्यंत मी मनातल्या मनात 'निर्मूलन' हाच शब्द वापरत होते.

एकूण क्रोमियम मोजायला अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शनचं यंत्र लागतं. ते आमच्याकडे नव्हतं, दुसऱ्या संस्थेत होतं, तीन आठवड्यांची रांग आणि नमुन्यामागे फी. नमुने नायट्रिक आम्ल घालून जपून नेले. आकडे आले तेव्हा मी बसून राहिले. चौथ्या फ्लास्कच्या त्या नितळ पाण्यात क्रोमियम होतं. सिक्स नव्हतं, पण बरंच थ्री विरघळलेलं होतं. खाद्यातल्या सेंद्रिय पदार्थांनी त्याला धरून ठेवलं होतं, म्हणून ते खाली बसलं नव्हतं. तिसऱ्या, नुसत्या जिवाणूंच्या फ्लास्कमध्ये तर सिक्स निम्म्याहून कमी झालं असूनही एकूण क्रोमियम जेमतेम हललं होतं. डोळ्यांवर किंवा फक्त कार्बाझाइडवर विसंबून मी ते पाणी शुद्ध म्हणून लिहून मोकळी झाले असते.

मॅडम म्हणाल्या, "आता वही किराणा दुकानासारखी मांड. जमा आणि खर्च." जमा म्हणजे फ्लास्कमध्ये घातलेलं पाच मिलिग्रॅम क्रोमियम. खर्च म्हणजे पाण्यातलं, कोळसा नायट्रिक आम्लात उकळवून त्यातून निघालेलं आणि सेंट्रिफ्यूजच्या तळाला बसलेल्या पेशींतलं. बेरीज केली. पाच येईना, चारही भरेना.

दोन दिवस मी प्रत्येक पायरी आठवत होते. थोडं काचेला चिकटलेलं असणार. फ्लास्क आम्लाने खळबळून मोजला तर हिरवट थर निघाला. थोडी भर पडली. तरी तूट राहिली. मग आठवलं, कोळसा काढल्यावर मी तो सलाइनने तीनदा धुतला होता. ते धुवण कुठे आहे? ते मी सिंकमध्ये ओतलं होतं.

मला आजही ते लिहिताना बरं वाटत नाही. कारखान्यामागच्या नालीतला पिवळा गाळ भरून आणताना मला त्या लोकांचा राग आला होता. आणि मी, क्रोमियमवरच काम करणारी मुलगी, तोच धातू नळाखाली सोडून देत होते, तोही आठवड्याला कितीतरी फ्लास्क, कारण ते धुवण रंगहीन दिसत होतं. त्या दिवसापासून सिंकशेजारी पाच लिटरचा कॅन ठेवला, त्यावर लाल पेनने लिहिलं, आणि पिपेटचं टोक धुतलेलं पाणीसुद्धा त्यात गेलं. पुढच्या फेरीत तेही धुवण मोजलं. बेरीज जुळली. पूर्ण नाही, पण यंत्राच्या चुकीत बसेल इतकी. शिवाय त्या धुवणाने एक माहिती दिली. कोळशाने धरलेलं सगळंच क्रोमियम घट्ट धरलेलं नव्हतं; काही नुसतं टेकलेलं होतं आणि मिठाच्या पाण्यानेही सुटत होतं.

मग उलट्या बाजूने विचार सुरू झाला. खाद्य कमी केलं तर थ्रीला पाण्यात धरून ठेवणारे पदार्थ कमी होतील, पण जिवाणूंना सिक्सचं थ्री करायला इलेक्ट्रॉन हवेत आणि ते खाद्यातूनच येतात. पेप्टोनचं, म्हणजे प्रथिनांपासून केलेलं, खाद्य काढून अगदी थोडा गूळ दिला. काम मंदावलं, एका दिवसाचं तीन दिवसांवर गेलं, पण पाण्यात उरणारं थ्री लक्षणीय घटलं आणि कोळशातलं वाढलं. गुळाचा आणखी एक सहावा फ्लास्क लावावा लागला, नुसत्या गुळाचा, कारण साखर स्वतःही सिक्सला थोडी उतरवते, विशेषतः आम्लात. तो फ्लास्क लावायचं मला कुणी सांगितलं नाही. तेवढं मी शिकले होते.

एप्रिलमध्ये खऱ्या कारखान्याचं धुवण आणलं. सामू तीनच्या जवळ, क्रोमियमसोबत निकेलही. माझे जिवाणू त्यात एका रात्रीत गेले. चुना घालून सामू वर आणला आणि चौपट पातळ केलं तेव्हा कुठे त्यांनी काम सुरू केलं, आणि इथे कोळशावर बसलेल्यांचा आणि मोकळ्यांचा फरक ठळक दिसला. मोकळे पहिल्या दिवशीच थकले, नळ्यांतले टिकून राहिले. बहुधा आत पोहोचेपर्यंत विषाची धार बोथट होत असावी. ब्युरेटमध्ये, म्हणजे उभ्या काचेच्या नळीत, कोळसा भरून वरून पाणी सोडायचाही प्रयत्न केला. चार दिवस छान चाललं, पाचव्या दिवशी जिवाणूंच्या चिकट थराने वाट बुजली आणि थेंब पडायचे थांबले. त्याच महिन्यात प्रयोगशाळेत ४३-४४ अंश. आमच्या शेकरला फक्त तापवता येतं, गार करता येत नाही. ३० अंशांवर लावला तरी आत ४० दाखवायचा. दुपारी वीज गेली की कोळसा तळाला बसायचा. शेवटचे प्रयोग मी रात्री केले.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०५ मिलिग्रॅमहून जास्त क्रोमियम चालत नाही. माझं पाणी तिथवर पोहोचलं नाही. थिसिसमध्ये मी तसंच लिहिलं: सिक्स मोजता येण्याच्या मर्यादेखाली गेलं, एकूण क्रोमियम पिण्याच्या मर्यादेच्या वरच राहिलं. व्हायवात बाहेरून आलेल्या सरांनी सगळ्यात जास्त वेळ त्या जमाखर्चाच्या तक्त्यावरच घालवला. आणि शेवटी विचारलं, वापरलेल्या कोळशाचं काय करणार? उघड्यावर टाकला तर मातीतली मँगनीजची ऑक्साइडं त्यातल्या थ्रीचं पुन्हा सिक्स करू शकतात. जाळला तर राखेत तेच. सध्या तरी तो घातक कचरा आहे, आणि त्या कचऱ्याच्या वाटेनेच गेला पाहिजे, एवढंच मी सांगू शकले.

परीक्षा संपवून घरी गेले तेव्हा बाबांनी वावराच्या धुऱ्यावर खड्डा खणून ठेवला होता. व्हिडिओत पाहिलं म्हणाले. कोनासारखा खड्डा, त्यात पऱ्हाट्या थराथराने पेटवायच्या, वरचा थर जळताना खालच्याला हवा मिळू द्यायची नाही, शेवटी पाणी मारायचं. दोन टोपल्या चांगला कोळसा निघाला. तो आम्ही शेणखताच्या उकिरड्यात मिसळला.

"आन् तुह्या शाळेतला कोळसा? थो काऊन नाही आनला?" त्यांनी विचारलं.

"तो वावरात कधीच टाकायचा नाही, बाबा."

"काऊन?"

यावेळी एसटीची घाई नव्हती. मी चुलीपाशी बसून त्यांना नालीतल्या गाळापासून सगळं सांगितलं. तो कोळसा एकूण एकशे चाळीस ग्रॅम आहे. घट्ट झाकणाच्या दोन बाटल्यांत, प्रत्येकीवर चिठ्ठी: क्रोमियमयुक्त, तारीख, वजन, माझं नाव. बाजूला धुवणाचे तीन कॅन. कॉलेजच्या घातक कचऱ्याबरोबर ते नागपूरजवळ बुटीबोरीला, अशा कचऱ्याच्या प्रक्रिया केंद्रात जायचे आहेत, आणि गाडी आली की मला फोन करा, असं काकांना सांगून आले आहे.